चिलापी गोड्या पाण्यात आणणारे मुजाईर आजोबा

उजनीच्या काठावर भिगवणच्या मासळी बाजारात कधी गेला असाल, तर चिलापीचे ढीग तुम्ही पाहिलेच असतील. कुणी तिला तिलापी म्हणते, कुणी तिलापिया. करडा-काळपट रंग, चपटे अंग, पाठीवर काटेरी पर. खाणाऱ्याच्या खिशाला परवडणारा आणि जाळ्यात बारा महिने सापडणारा मासा. पण हा मासा भीमेचा नाही, कृष्णेचा नाही आणि भारताचाही नाही. तो मूळचा आफ्रिकेचा. झांबेझी नदीचा खालचा भाग आणि त्या किनाऱ्यावरच्या खाड्या हे त्याचे घर. १८५२ मध्ये शास्त्राच्या पुस्तकात त्याची नोंद झाली तीही मोझांबिकच्या नावाने.

आशियातल्या तळ्यांमध्ये आणि जलाशयांमध्ये त्याने जे बस्तान बसवले, त्याची सुरुवात एका खेडूत माणसापासून होते. हा माणूस शास्त्रज्ञ नव्हता. त्याच्याकडे प्रयोगशाळा नव्हती आणि मत्स्यशेतीचे शिक्षणही नव्हते. इंडोनेशियात आजही या माशाला इकान मुजाईर म्हणतात. इकान म्हणजे मासा आणि मुजाईर हे त्या माणसाचे नाव. जावा बेटावर वडीलधाऱ्याला, आजोबांना म्बाह म्हणतात. म्हणून तिकडे ते म्बाह मुजाईर. आपण त्यांना मुजाईर आजोबा म्हणू.

सागुतीच्या टपरीपासून समुद्रापर्यंत

मुजाईर यांचा जन्म १८९० चा, पूर्व जावातल्या ब्लिटार शहराजवळच्या कुनिंगान गावातला. इंडोनेशियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष सुकार्नो यांची समाधी याच ब्लिटारमध्ये आहे. उत्तरेला केलुड हा ज्वालामुखी आणि त्याच्या राखेने सुपीक झालेली भातखाचरे. घरामागे छोटे तळे खणून त्यात मासे पाळणे ही जावातली जुनीच पद्धत. आपल्याकडे शेततळ्यातली मत्स्यशेती आत्ता कुठे रुळते आहे. जावाच्या शेतकऱ्याला मात्र गोड्या पाण्यातला गुरामी आणि सायप्रिनस पिढ्यान् पिढ्या ठाऊक होते. तेव्हा तळ्यात मासे पाळणे यात मुजाईर यांनी नवे काही केले नाही. नवे काय केले ते पुढे येईल.

तरुणपणी त्यांची बकऱ्याच्या सागुतीची टपरी होती. काडीला टोचून निखाऱ्यावर भाजलेले मटणाचे तुकडे, त्याला तिकडे साते म्हणतात. टपरी चांगली चालायची. पुढे जुगाराचा नाद लागला आणि धंदा बुडाला, असे ब्लिटारमध्ये सांगतात. थोर माणसाच्या चरित्रातून अशा गोष्टी गाळायची आपल्याला सवय आहे, पण त्यांच्या गावकऱ्यांनी ही गोष्ट गाळलेली नाही. कर्जबाजारी झालेला, घरात खाणारी तोंडे असलेला माणूस कसा असतो, हे तुम्हाला वेगळे सांगायला नको.

जावात मोहरम महिन्याला सुरो म्हणतात. सुरोच्या पहिल्या रात्री समुद्रावर जाऊन स्नान करायचे, जागरण करायचे, मन शांत करायचे, अशी तिथली रीत. गावातल्या जाणत्यांच्या सल्ल्याने मुजाईर दक्षिण किनाऱ्यावरच्या सेरांगला गेले. तिथे नदीच्या मुखापाशी निमखाऱ्या पाण्यात त्यांना एक मासा दिसला. त्याची पिल्ले आईभोवती पोहत होती. काही हालचाल झाली, धोका वाटला, की सगळी पिल्ले आईच्या तोंडात शिरायची. धोका टळला की पुन्हा बाहेर.

इथे जरा थांबूया, कारण पुढची सगळी कथा, चांगली आणि वाईट, या एका सवयीतून निघते.

आपला रोहू घ्या. एक किलोची मादी दोन-तीन लाख अंडी देते, पाण्यात सोडते आणि निघून जाते. अंडी आणि पिल्ले वाचली तर वाचली. शिवाय रोहू, कटला, मृगळ साचलेल्या तळ्यात अंडी घालतच नाहीत. त्यांना पावसाळ्यात वाहते, पुराचे पाणी लागते. म्हणून तर आपण हॅचरीत इंजेक्शन देऊन बीज तयार करतो. चिलापीचे गणित उलटे आहे. नर तळाच्या मातीत खड्डा करतो, मादी तिथे काहीशे अंडी घालते आणि ती लगेच तोंडात घेते. अंडी तीन ते पाच दिवसांत फुटतात, तरी पिल्ले दहा-बारा दिवस तोंडातच असतात. त्या काळात मादी जवळजवळ काही खात नाही. अंडी थोडी, पण बहुतेक वाचतात. ना पूर लागतो, ना इंजेक्शन. पाणी कोमट असले की महिना-दीड महिन्याने पुन्हा तेच.

मुजाईर यांना हे शास्त्र माहीत नव्हते. त्यांनी फक्त पाहिले की हा मासा आपली पिल्ले सांभाळतो, आणि त्यांच्या मनात आले की असा मासा तळ्यात वाढला तर बीज आणायची गरजच उरणार नाही.

अकरा वेळा

डोक्याच्या रुमालात मासे धरून, मडक्यात पाणी भरून त्यांनी ते घरी आणले. सेरांग ते त्यांचे गाव हे अंतर सुमारे ३५ किलोमीटर, वाट चढउताराची आणि रानातली. पायी जायचे आणि मडके घेऊन पायीच यायचे, अशी कथा तिथे सांगतात. घरच्या तळ्यातल्या गोड्या पाण्यात सोडले आणि मासे मेले. पुन्हा गेले, पुन्हा आणले, पुन्हा मेले.

का मेले असतील? खाऱ्या पाण्यात माशाच्या अंगातले पाणी बाहेर ओढले जाते, म्हणून तो समुद्राचे पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. गोड्या पाण्यात बरोबर उलट होते. पाणी अंगात शिरते, मीठ निसटते आणि कल्ल्यांना मीठ धरून ठेवावे लागते. कल्ल्यांतल्या पेशींना हे काम उलटे फिरवायला काही दिवस लागतात. एकदम बदल झाला तर बहुतेक मासे जगतच नाहीत. चिलापीच्या अंगात दोन्ही पाण्यांत जगायची ताकद आहे, पण तिला तेवढा वेळ द्यावा लागतो.

मुजाईर यांनी वेळ द्यायला सुरुवात केली. समुद्राच्या पाण्यात थोडे गोडे पाणी मिसळायचे, मासे टिकतात का पाहायचे, मग गोड्याचे प्रमाण आणखी वाढवायचे. गावच्या कथेप्रमाणे अकराव्या खेपेला चार मासे गोड्या पाण्यात जगले. ब्लिटारमध्ये या यशाची तारीख २५ मार्च १९३६ सांगतात. मत्स्यतज्ज्ञांच्या लिखाणात १९३९ साल आणि पाच मासे असा उल्लेख येतो. तारखेचा वाद बाजूला ठेवू. दहा वेळा हात पोळल्यावर अकराव्यांदा ३५ किलोमीटर चालणारा माणूस महत्त्वाचा.

तुम्ही मत्स्यबीजाची पिशवी आणता तेव्हा ती लगेच फोडत नाही. आधी पंधरा-वीस मिनिटे तळ्याच्या पाण्यावर तरंगत ठेवता, मग तळ्याचे पाणी थोडेथोडे पिशवीत घेता आणि नंतर बोटुकली सोडता. मुजाईर आजोबांनी मडक्यात केले ते याच जातीचे काम, फक्त त्यांच्यापुढची उडी तापमानाची नसून खाऱ्यातून गोड्यात जायची होती.

चाराचे शेकडो व्हायला वेळ लागला नाही. शेजाऱ्यांनी बीज नेले, मग आसपासच्या गावांनी. तेव्हा तिथे डचांचे राज्य होते. अधिकारी पाहायला आले आणि माशाला त्यांचेच नाव दिले. हा मासा आफ्रिकेतला, हे पुढे डच तज्ज्ञांनी ओळखले. तो जावाच्या किनाऱ्यावर कसा आला, हे मात्र आजवर कुणाला सांगता आलेले नाही.

युद्ध, भूक आणि पसारा

१९४२ मध्ये जपानने जावा घेतले. किनाऱ्यावरच्या निमखाऱ्या तळ्यांत तिथले लोक बांदेंग नावाचा मासा पाळत. त्याचे बीज समुद्रातून धरून आणावे लागे आणि युद्धात ते काम विस्कटले. मुजाईरला बीज लागत नव्हते. जपानी प्रशासनाने तो तळ्यातळ्यांत पसरवला. पुढे मलायात लोक त्याला जपानी मासा म्हणू लागले. १९४६ मध्ये दोघा तैवानी माणसांनी तो सिंगापूरहून तैवानला नेला आणि तिथे त्या दोघांची आडनावे त्याला चिकटली. १९५० च्या सुमारास तो थायलंड, फिलिपिन्समध्ये होता. १९५२ मध्ये श्रीलंकेत आणि त्याच वर्षी भारतात आला. मुजाईर तेव्हा साठी ओलांडलेले होते.

उपाशी देशांना हा मासा वरदान वाटला यात नवल नाही. श्रीलंकेचे उदाहरण पाहा. तिथे राजेरजवाड्यांच्या काळापासून सिंचनाचे हजारो तलाव आहेत. पण बेटावरचे देशी मासे मुख्यतः नदीचे. तलावाच्या उघड्या, संथ पाण्यातले शेवाळ आणि तळातला गाळ खाऊन वाढणारा मोठा मासा फारसा नव्हता. ती रिकामी जागा चिलापीने भरली. पुढे श्रीलंकेच्या तलावांतल्या मासळीत निम्म्याहून जास्त वाटा तिचाच झाला आणि समुद्रापासून दूरच्या, गरीब भातशेतकऱ्यांच्या ताटात स्वस्त मासा आला. हे खरे आहे आणि ते मान्य केले पाहिजे.

आता आपल्याकडे या. उदयपूरजवळचा जयसमंद हा जुना, मोठा तलाव. तिथे रोहू-कटला होते आणि महसीरही होता. चिलापी शिरल्यावर कार्प माशांचे सरासरी वजन घसरले आणि महसीर नामशेष होण्याच्या काठावर गेला, अशी नोंद झाली. तामिळनाडूच्या जलाशयांत सुरुवातीला चांगले उत्पादन मिळाले, मग मासा लहान लहान होत गेला. श्रीलंकेत जागा रिकामी होती. आपल्याकडे त्या जागेवर आधीच कुणीतरी राहत होते, एवढाच फरक, पण तो फार मोठा आहे. प्रशांत महासागरातल्या नौरू बेटावर तर लोक बुआडा नावाच्या सरोवरात पिढ्यान् पिढ्या बांदेंगच्याच जातीचा मासा पाळत. १९६० च्या दशकात तिथे चिलापी सोडली आणि ती जुनी मत्स्यशेतीच मोडली.

मासा लहान का राहतो

शेततळ्यात चिलापी घेतलेल्यांची तक्रार सगळीकडे सारखीच असते. सुरुवातीला बरी वाढते, मग तळहाताएवढ्या माशांनी तळे भरून जाते आणि व्यापारी घेत नाही. मी स्वतः एका शेततळ्यावर उभा होतो. शेतकऱ्याने रोहू-कटल्याची बोटुकली सोडली होती. कालव्यातून पाणी उपसताना पंपाच्या तोंडाला जाळी नव्हती. दहा महिन्यांनी जाळे ओढले तर त्यात बोटभर चिलापीच जास्त. खाद्याची पोती तिनेच संपवली होती. बँकेचा हप्ता मात्र रोहूच्या भरवशावर ठरलेला होता.

मोझांबिकची मादी दोन-तीन महिन्यांची, जेमतेम ८ ते १० सेंटिमीटरची असतानाच अंड्यावर येऊ शकते. खाल्लेले अन्न अंगाला लागण्याऐवजी अंड्यांवर आणि पिल्लांवर खर्च होते. तळ्यात तोंडे वाढतात, खाद्य तेवढेच राहते. थंड देशांत हिवाळा तिला मारतो, कारण पाणी १०-१२ अंशांच्या खाली गेले की ती टिकत नाही. आपल्या उष्ण पट्ट्यात तो लगाम नाही. त्यात आशियातली मोझांबिक चिलापी बहुतांशी जावातल्या त्या चार-पाच माशांचीच संतती मानली जाते. एवढ्या कमी जनावरांवर वंश वाढवला तर काय होते, हे गाई-शेळ्या पाळणाऱ्याला माहीत आहेच.

म्हणजे पाहा. बीज लागत नाही, पिल्ले मरत नाहीत, कुठल्याही पाण्यात जगते. मुजाईर यांनी जे गुण पाहून ३५ किलोमीटरची पायपीट केली, त्याच गुणांमुळे ती हाताबाहेर जाते. यात त्यांचा दोष मला दिसत नाही. त्यांनी मासा आपल्या तळ्यात आणला होता. तो देशोदेशीच्या नद्या-जलाशयांत सोडायचा निर्णय नंतरच्या सरकारांनी आणि तज्ज्ञांनी घेतला, तोही आधीचे मासे कोणते आहेत हे न मोजता.

आपल्या पाण्याचे काय

भारतात १९५९ मध्ये चिलापीच्या प्रसाराला बंदी घालण्याचा निर्णय झाला. तोवर मासा पाण्यात गेला होता. शेततळे कोरडे पाडता येते, उन्हात तळ तापवता येतो, चुना टाकता येतो. उजनी कोरडे पाडता येत नाही. तिथली चिलापी आता तिथेच राहणार आणि भिगवण-इंदापूरच्या कितीतरी घरांची चूल तिच्यावर पेटते. त्या मच्छीमाराला दोष देणे मला पटत नाही. पण चिलापी बारीकच असते म्हणून बारीक आसाचे जाळे टाकू द्या, हा युक्तिवादही पटत नाही. बारीक आसाला चिलापी आणि रोहूचे पिल्लू यातला फरक कळत नाही. संस्थेने पैसे घालून सोडलेले बीज त्याच जाळ्यात जाते. श्रीलंकेत १९९० ते १९९४ या काळात सरकारने गोड्या पाण्यातल्या मासेमारीचा पाठिंबा काढून घेतला होता. देखरेख सुटताच तिथे बारीक आसाची जाळी वाढली. चिलापी असली तरी जाळ्याचा नियम लागतोच.

ज्या तलावात चिलापी अजून नाही, तिथे ती बादलीभरही सोडू नका. गावतळे, पाझर तलाव, नदीचा डोह, कुठेच नाही. उपसा पंपाच्या तोंडाला बारीक जाळी बांधा आणि तळ्याच्या सांडव्यालाही. चिलापी पाळायचीच असेल तर रस्ता वेगळा आहे. १९८८ मध्ये फिलिपिन्समध्ये नाईल नदीच्या जातीवर निवड पद्धतीने काम सुरू झाले आणि त्यातून गिफ्ट तिलापिया आला. तो वेगाने वाढतो. त्याचे फक्त नर असलेले, म्हणजे एकलिंगी बीज मिळते, त्यामुळे तळ्यात पिल्लावळ होत नाही. पण त्यासाठी आधी मत्स्यव्यवसाय विभागाची परवानगी घ्यावी लागते आणि बीज मान्यताप्राप्त केंद्रातूनच घ्यावे लागते. रस्त्यावर गाडी लावून स्वस्तात बीज विकणाऱ्याकडे नर किती आणि माद्या किती, हे त्यालाही माहीत नसते. विस्तार कार्यकर्त्यांनी गावात हा प्रश्न आधी विचारावा: पुरात हे तळे फुटले तर पाणी कुठल्या ओढ्याला जाते? उत्तर नदी असेल तर तिथे रोहू-कटलाच बरा.

जावातही काळ बदलला. १९६९ मध्ये तैवानहून इंडोनेशियात नाईल तिलापिया आला. तिकडे त्याला नीला म्हणतात. तळ्यांमधून मुजाईर मागे पडत गेला आणि नीला पुढे गेला. तिकडे आफ्रिकेतही नाईलची जात झांबेझीत शिरली. तिच्याशी संकर होऊन मोझांबिक चिलापीचा अस्सल वंश तिच्या मूळ घरीच धोक्यात आला आहे. जो मासा आपल्याला नको तिथे हटत नाही, त्याची ही गत.

मुजाईर आजोबांनी हे काही पाहिले नाही. स्वतंत्र इंडोनेशियाच्या सरकारने त्यांचा गौरव केला तेव्हा ते म्हातारे झाले होते आणि दम्याने त्रस्त होते. ७ सप्टेंबर १९५७ ला ते गेले. कुनिंगानजवळच्या पापुंगान गावात त्यांची कबर आहे. तिच्या दगडावर त्यांचे नाव कोरले आहे आणि नावासोबत एक मासा.